कोणाची हरकत असल्यास

"खिळा नका मारू झाडाले!"

मी शिलाई मशीनवरून उठून फाटकाशी धावत गेले. नगरपरिषदेचा माणूस हातोडी उगारून तसाच थांबला. त्याच्या ओठांत दोन खिळे होते आणि डाव्या हाताने त्याने शिरसाच्या बुंध्यावर एक छापील कागद दाबून धरला होता.

खिळे हातात काढून घेत तो म्हणाला, "मंग कायनं लावू, बाई? थुकीनं चिपकवू?"

"झाडाले खिळे मारले तं दंड होते. तुमच्याच हापिसाच्या भिंतीवर लिहून हाय."

"ते लोकाइले हाय. आमी तं नगरपरिषद होय."

शेवटी मीच घरात जाऊन कापडाची एक लांब चिंधी आणली. एका टोकाला त्याने धरलं, दुसरं मी बुंध्याला वळसा घालून आणलं, आणि हिरव्या ब्लाउजपिसाच्या काठाने आम्ही दोघांनी तो कागद झाडाला नीट बांधला. तो सायकलवर बसून निघून गेल्यावर मग मी तो वाचला. माझं सगळं असंच. आधी मदत करायची, मग कशाला केली ते बघायचं.

'वृक्ष तोडणेबाबत जाहीर नोटीस. शिरस, एक नग. कारण : वाळलेला व धोकादायक. अर्जदार : श्री. पुंडलिकराव महादेवराव ढोले. कोणाची हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावे.'

पुंडलिकराव ढोले म्हणजे माझे बाबा. ते त्या वेळी ओट्यावर बसून पेपर वाचत होते.

खैरगाव हे आमचं अमरावतीकडचं तालुक्याचं गाव, आणि आमचं घर स्टँडच्या रस्त्यावर. शिरस कंपाउंडच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला. म्हणजे झाड नगरपरिषदेचं आणि सावली आमच्या अंगणात. घराला टिनाचं छप्पर. वैशाखात आत दुपारी माणूस बसू शकत नाही, भाकरी भाजून निघेल अशी धग. म्हणून मी माझ्या मशिनी अंगणात मांडल्या होत्या आणि तिथेच पोरींना शिवण शिकवत होते. नवऱ्याचं घर सोडून मी परत आले तेव्हापासून तोच माझा उद्योग, तीच माझी जागा. घरात माझी म्हणावी अशी एक ट्रंक होती. बाकी जे काही माझं होतं ते त्या सावलीत होतं.

झाड वाळलेलं वगैरे काही नव्हतं. शिरसाची पानं थंडीत झडतात आणि चैत्र लागला की परत फुटतात, हे गावातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक. पण होळीच्या सुमाराला ते दिसायचं मात्र अगदी मेल्यासारखं. नुसत्या पिवळ्या चपट्या शेंगा लटकलेल्या आणि जरा वारा सुटला की दिवसभर खुळखुळ, खुळखुळ. अर्ज करणाऱ्याने महिना बरोबर निवडला होता.

मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, झाड तोडाचा अर्ज तुमी देला?"

त्यांनी पेपरची घडी घातली. बाबा एसटीत कंट्रोलर होते. सगळं आयुष्य स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारण्यात गेलं, त्यामुळेच की काय, घरी आले की त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. "विलासनं आनला होता कागद," ते म्हणाले. "घर माह्या नावावर हाय, म्हनून माही सही."

"अन् तुमी केली."

"त्याले तीन गाळे काढाचे हायेत समोर. कॉलेज झालं, रस्ता चालते आता. झाड मधात येते."

"अन् माह्या मशिनी?"

"मांगच्या खोलीत मांडशील म्हने." ते जरा थांबले. "त्याले लेकरू होनार हाय, बाई."

मागची खोली म्हणजे एके काळी म्हशीची. खिडकी नाही, वर तेच टिन. मला इतका राग आला की कानशिलं तापली. पण माझा राग हा असा. आतल्या आत उकळायचा आणि बाहेर वाफसुद्धा निघायची नाही. मी परत मशीनवर जाऊन बसले आणि एका पोरीच्या फ्रॉकची बाही उलटी शिवून ठेवली.

विलास माझा धाकटा भाऊ. वाईट नव्हता तो. कृषी केंद्रात नोकरी होती, पगार वेळेवर व्हायचा नाही, बायको माहेरी बाळंतपणाला गेलेली. त्याच्या जागी मी असते तर मलाही गाळे सुचले असते. पण त्याच्या जागी मी नव्हते ना.

त्या दिवसानंतर मला स्वस्थ बसवेना. सारखी फाटकाशी जायची आणि तो कागद वाचायची. पाठ झाला तरी वाचायची. 'कोणाची हरकत असल्यास'. तेवढ्याच तीन शब्दांशी माझी नजर अडायची. कोणाची म्हणजे कोणाचीही? घरमालकाची? शेजाऱ्याची? की जिचं नाव ना रेशनकार्डावर ना घराच्या उताऱ्यावर, अशा बाईचीसुद्धा? एकदा तर समोरच्या पानटपरीवाल्याने विचारलं, "सिंधूताई, लॉटरीचा निकाल हाय का व त्याच्यावर?"

शेवटी नगरपरिषदेत गेले आणि रामटेके नावाच्या बाबूंना विचारलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोनीबी घेऊ शकते हरकत. रस्त्यानं जानाऱ्यानं घेतली तरी चालते. लेखी द्या, मंग सुनावनी होते. साहेब दोन्हीकडचं ऐकतात अन् ठरवतात."

मी तिथेच खिडकीवर उभी राहून लिहिलं. घरातल्या माणसांविरुद्ध मी आयुष्यात पहिल्यांदा काही केलं होतं. परत येताना पाय जमिनीला लागत नव्हते, आणि घराचं फाटक दिसल्याबरोबर ते असे जड झाले की पुढे टाकवेनात.

विलासला दुसऱ्याच दिवशी कळलं. अशा गोष्टी खैरगावात वाऱ्यावर फिरतात. दुपारी पोरी यायच्या आधी मी अंगण झाडत होते, तर हा शिरसाशी वाकून उभा. हातात सुताराचं गिरमिट.

माझ्या हातातला खराटा गळला. "काय करून राह्यला तू?"

"काई नाई." तो गिरमिटाचं टोक बुंध्यावर टेकवून हसला. "भोकं पाडाची, हिंग भराचं, वरतून लिंपून टाकाचं. पानं फुटतच नाई मंग. ना अर्ज, ना हरकत, ना साहेब."

"गुन्हा होते तो."

"कोन सांगनार? तू?"

मी जाऊन बुंध्याला पाठ लावून उभी राहिले. सालीचे खवले पाठीला टोचत होते, ऊन डोळ्यांत येत होतं आणि डोक्यावर त्या शेंगांचं खुळखुळ चाललेलं. पोलकं घामाने भिजलं. बाबा ओट्यावरच होते. त्यांनी पेपरवरून एकदा आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. एक शब्द. नुसतं 'विलास' म्हणाले असते तरी पुरलं असतं. त्यांनी पेपर वर केला.

विलासलाच मग कसंसं झालं असावं. "मजाक करून राह्यलो व, ताई," असं म्हणत तो गिरमिट खांद्यावर टाकून आत गेला. पण त्यानंतर माझी झोप उडाली ती उडालीच. पहाटे उठले की आधी झाड. बाहेरून आले की आधी झाड. बुंध्याला हात लावून चहूबाजूंनी चाचपायचं, कुठे भोक आहे का, कुठे ओली माती लिंपलीय का. शिकायला येणाऱ्या पोरी एकमेकींकडे बघून हसायच्या. हसू देत. मला वेड लागलं नव्हतं, लागायच्या बेतात होतं.

एवढ्यात रामटेकेबाबू टेप घेऊन पाहणीला आले, बुंध्याचा घेर मोजला, वर पाहिलं आणि लिहिलं : 'पाने नाहीत'.

"आत्ता नाहीत," मी म्हणाले. "महिनाभरात येतात."

"म्या आज पाह्यलं, बाई. महिन्यानं पाह्यलं असतं तं महिन्याचं लिहिलं असतं."

सुनावणी नगरपरिषदेच्या वरच्या मजल्यावर होती. विलास बाबांना मोटरसायकलवर बसवून घेऊन गेला. मी मागून पायी गेले. घर एक, जायची जागा एक, पण अर्जदार गाडीवर आणि हरकतदार उन्हातून, हे त्या दिवसापुरतं ठीकच होतं म्हणा.

गावात झाडांसाठी वेगळा साहेब नव्हता. पाणीपुरवठ्याच्या सरोदे इंजिनिअरकडेच झाडांचाही चार्ज होता. त्या दिवशी नेमकी टाकीजवळची पाइपलाइन फुटली आणि साहेब तिकडे गेले. आम्ही बसलो. एका बाकावर बाबा आणि विलास, समोरच्या बाकावर मी, मध्ये रामटेकेबाबूंचं टेबल. मी मनात सगळं घोकत होते. शिरस चैत्रात फुटतो. एसटीची वाट बघणारे लोक त्याच्या सावलीत थांबतात. अर्जात लिहिलेलं कारण खोटं आहे. बाबा समोर बसलेले असताना 'खोटं' हा शब्द तोंडातून कसा काढायचा, एवढंच जमत नव्हतं. पदराचं टोक पिळून पिळून त्याची वात झाली.

दुपार कलली तेव्हा सरोदेसाहेब आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली, बुटांतून पचक पचक आवाज. माणूस बरा होता. खुर्चीत बसायच्या आधी माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्हीच हरकत घेतली ना ताई? फार ताटकळत ठेवलं तुम्हाला, माफ करा."

मी उभी राहिले आणि हात जोडून म्हणाले, "काही हरकत नाही, साहेब."

आमच्या घरातलं वळणच तसं. आलेल्या माणसाने पाण्याचा गडू सांडला, काही हरकत नाही. ब्लाउज शिवून नेलेल्या बाईने पैसे पुढच्या महिन्यात देते म्हटलं, काही हरकत नाही. नवऱ्याने पहिल्यांदा हात उचलला आणि नंतर चुकलं म्हणाला, तेव्हाही माझ्या तोंडून तेच निघालं होतं. जीभ आपली आपणच वळायची.

साहेबांनी मग कागद चाळले. विलासने सांगायला सुरुवात केली. झाड वाळलेलं, फांदी पडली तर रस्त्यावरचं माणूस मरेल, बदल्यात आम्ही पाच झाडं लावू, वगैरे. चांगलं बोलला. मी माझ्या पाळीची वाट बघत होते. तो थांबल्यावर साहेब रामटेकेबाबूंना म्हणाले, "आतापर्यंतचं वाचा."

रामटेकेबाबूंनी घसा साफ केला. "हरकतदार श्रीमती सिंधू यांना समक्ष विचारले असता, काही हरकत नाही, असे त्यांनी सांगितले. सबब, अर्ज मंजूर करण्यास..."

"अहो, ते मी उशिराबद्दल म्हणाले!"

"ऐकलं तसं लिहिलं, बाई."

शेजारच्या टेबलावरचा माणूस फसकन हसला. विलास हसला. साहेबांनीही हसू दाबलं, ते मला दिसलं. मला मात्र रडू कोसळायचंच बाकी होतं. इतके दिवस उरापोटावर जपून आणलेली माझी एकुलती एक हरकत, ती मीच सगळ्यांसमोर हात जोडून नाही म्हणून टाकली होती.

विलास पटकन म्हणाला, "पन म्हनली तं खरं, साहेब. मीबी ऐकलं."

"खोडा ते, रामटेके," साहेब म्हणाले. "बोलण्याची रीत असते ती. हं ताई, आता नीट सांगा. तुमची हरकत काय आहे?"

आणि मला बोलताच येईना. घोकलेलं सगळं एकदम पुढे आलं. "सावली..." एवढंच म्हणाले.

"सावलीसाठी बदली झाडं लावून घेऊ आपण. नियमच आहे तसा."

"ते वाळलं नाही, साहेब. चैत्रात..."

"बरं. समजा नाही वाळलं. पण त्यांच्या घरासमोर अडचण होतेय, त्यांना काम काढायचंय. तुम्हाला त्याने काय त्रास आहे?"

मला काय त्रास आहे? हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. माझी जागा जातेय, असं म्हणायचं होतं. पण ती माझी कधी होती? मी तिथे मशिनी मांडल्या आणि कोणी उठवलं नाही, एवढंच.

"तिचं काई मनावर नका घेऊ, साहेब," विलास मऊ आवाजात म्हणाला. मऊ बोलला म्हणून ते जास्त लागलं. "लग्न झालेलं हाय तिचं. तिचा तसा या घराशी काई संबंध नाई."

"नियमात तसं नाही," साहेब म्हणाले. "हरकत कोणीही घेऊ शकतो. रस्त्यावरचा माणूससुद्धा."

"मंग तशीच घ्या म्हना. रस्त्यावरच्या मानसाची."

मला वाटलं, निघून जावं. घरी नको, स्टँडवर जावं आणि समोर येईल त्या गाडीत बसावं.

तेव्हा बाबा बाकावरून उठले. त्यांना उठायला वेळ लागायचा. आधी हात गुडघ्यावर, मग बाकाच्या पाठीवर.

"साहेब, अर्ज माह्या नावावर हाय ना?"

"हो, तुमचाच आहे."

"तो मी वापस घेतो."

"बाबा!" विलास ताडकन उभा राहिला. "काय करून राह्यले तुमी? घरी बोललो ना आपन? तुमी हो म्हनले होते!"

"म्हनलो होतो."

"मंग आता काय झालं?"

साहेबांनी चष्मा काढला. "काका, अर्ज मागे घेता येतो. पण कारण नोंदवावं लागेल. रामटेके, घ्या लिहून. काय कारण?"

बाबा म्हणाले, "लिहा, घरातल्या एका मानसाले विचाराचं राहून गेलं."

रामटेकेबाबूंचं पेन थांबलं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान हलवली. मग त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "घरातील एका सदस्यास विचारावयाचे राहून गेल्याने." बाबांनी खाली सही केली. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. बरं झालं, कारण मी पदर तोंडात कोंबून उभी होते.

विलास जिना धाडधाड उतरून गेला आणि खाली मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. पुढे कित्येक महिने तो माझ्याशी बोलला नाही. त्याची मुलगी रांगायला लागल्यावर बोलायला लागला, आणि झाडाच्या पलीकडच्या बाजूला एक गाळा निघत होता तो त्याने काढला. आज इतक्या वर्षांनी तो म्हणतो की त्या दिवशी बाबांनी त्याचं नाक कापलं. मी त्याच्याशी वाद घालत नाही. त्याच्या बाजूने ते खरंच आहे.

त्या दिवशी मात्र बाबांना परत न्यायला गाडी नव्हती. आम्ही दोघं खाली उतरलो. उन्हं अजून तापलेलीच होती. नगरपरिषदेच्या दारात एक चहाची गाडी असायची, तिच्या बाकाशी बाबा थांबले. जिना उतरून दम लागला होता की काय, कोण जाणे.

"दोन चहा दे रे," बाबा गाडीवाल्याला म्हणाले. मग लगेच हात वर करून त्याला थांबवलं आणि माझ्याकडे वळले. "तू घेते ना चहा?"

मी हो म्हणणारच होते. जीभ उचललीही होती.

"नाही बाबा," मी म्हणाले. "मले नाही आवडत चहा."

"नाही आवडत?" ते खरोखरच चकित झाले. "घरी तं रोज घेते."

"घरी सगळ्यांचा होते, त्याच्यात माहाबी होते. म्हनून घेते."

बाबांनी उन्हासाठी आणलेली छत्री बाकाला टेकवली.

"मंग तुले काय आवडते?"

मी तोंड उघडलं आणि मला काही सांगताच येईना. रस, लस्सी, सोडा, सगळी नावं डोळ्यांपुढून गेली आणि त्यातलं माझं कुठलं ते ओळखू येईना. डोळ्यांतून पाणी मात्र वाहायला लागलं. गाडीवाला पातेलं हातात धरून आमच्याकडे बघत होता.

"सांग सावकाश," बाबा म्हणाले, आणि बाकावर बसून राहिले.